घर रोई एतला, आपण पुण्यात: थायलंडच्या खेड्यातल्या बांधकामावर लांबून लक्ष कसं ठेवायचं

थायलंडच्या ईशान्येकडच्या पठाराला इसान म्हणतात. खोन केन, उदोन थानी, रोई एत, बुरीराम, उबोन रात्चथानी हे त्यातले काही प्रांत. चिकट भात पिकवणारा, उन्हाळ्यात भाजून काढणारा हा मुलूख. इथली तरुण मंडळी बँकॉकला किंवा परदेशी कामाला जातात आणि कमाईतून गावाकडे घर बांधतात. माझी बायको रोई एत प्रांतातल्या एका खेड्यातली. धाकटी मुलगी आईवडिलांजवळ राहते आणि पुढे घर तिच्याकडे येतं अशी इसानातली जुनी रीत आहे, त्यामुळे जावयानं सासरच्या आवारात घर बांधलं तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आमचं घर उभं राहत होतं तेव्हा आम्ही दोघंही पुण्यात नोकरी करत होतो आणि साइटवर सासूबाई होत्या. थाय जोडीदार असलेली ओळखीतली मराठी मंडळी, कुणी पुण्यातली तर कुणी सिंगापूरची, हे लांबून कसं जमवायचं असं विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. बांधकामात प्रत्येक टप्प्यावर काहीतरी कायमचं झाकलं जातं. भरावाखाली जुनी जमीन, काँक्रीटमध्ये सळई, फरशीखाली पाइप, प्लास्टरमागे वायर, छताच्या आत वेल्डिंग. रंग, टाइल्स, दारं नंतर बदलता येतात. झाकलेलं बदलता येत नाही. म्हणून लांबून लक्ष ठेवायचं ते झाकलं जाण्याच्या आदल्या दिवशी, आणि पैशांचे हप्तेही त्याच दिवसांशी बांधायचे. बाकी दिवस रोज फोन केला नाही तरी बिघडत नाही.

आधी जमिनीचा कागद

सर्वसाधारणपणे थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. थाय जोडीदार जमीन घेतो तेव्हा भूमी कार्यालयात परदेशी जोडीदाराला सही करून द्यावी लागते की हा पैसा माझ्या जोडीदाराचा स्वतःचा आहे, त्यावर माझा हक्क नाही. ही सही औपचारिकता समजून करू नका, तिचा अर्थ नीट कळल्यावरच करा.

जमीन नावावर होत नसली तरी घराची मालकी कायद्यानं जमिनीपासून वेगळी ठेवता येते. जमिनीवर आपलं बांधकाम असण्याचा हक्क, हयातभर वापरण्याचा हक्क, किंवा जास्तीत जास्त ३० वर्षांचा भाडेपट्टा, असे तीन मार्ग आहेत. हे हक्क भूमी कार्यालयात नोंदवावे लागतात. मात्र थाय दिवाणी संहितेच्या कलम १४६९ नुसार नवरा-बायकोनं लग्न चालू असताना एकमेकांशी केलेला करार दोघांपैकी कुणीही लग्न टिकून असेपर्यंत, किंवा ते संपल्यावर एका वर्षाच्या आत, रद्द करू शकतो. जमीन सासूबाईंच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांच्याशी केलेल्या कराराला हे कलम लागत नाही. यासाठी थाय वकिलाचा एक तास विकत घ्या. आपल्याच जोडीदाराशी असं बोलणं अवघड जातं, पण घराचं काम सुरू होण्याआधी ते शांतपणे बोलता येतं, नंतर येत नाही.

कागदाचे प्रकारही ओळखायला शिका. लाल गरुडाचा छनोत हा सर्वात पक्का, मोजणी झालेला मालकी कागद. हिरव्या गरुडाचा नॉ-सॉ ३ कॉ त्याखालोखाल. सॉ-पॉ-कॉ ४-०१ हा शेतजमीन सुधारणेतून शेतकऱ्याला दिलेल्या जमिनीचा कागद. अशी जमीन विकता येत नाही, वारसांकडेच जाते. खेड्यात हे तिन्ही शेजारीशेजारी सापडतात आणि बोलताना सगळेच ‘आपली जमीन’ म्हणतात. कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, कारण गहाण आणि इतर नोंदी मागच्या बाजूला असतात.

क्षेत्रफळ राईमध्ये असतं. १ राई म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ १६ गुंठे. राईचे ४ न्गान होतात, म्हणजे १ न्गान सुमारे ४ गुंठ्यांचा. कागदावरचं साल बौद्ध संवताचं असतं, त्यातून ५४३ वजा करा. २५६८ दिसलं तर ते २०२५ आहे.

भराव, आणि त्यानंतर एक पावसाळा

घराची जागा बऱ्याचदा भाताच्या खाचराला लागून, रस्त्यापेक्षा खाली असते. म्हणून सहा चाकी किंवा दहा चाकी ट्रकांनी माती आणून भराव टाकतात. भाव गाडीवर ठरतो आणि लांब असलेल्या माणसाला किती गाड्या आल्या हे कधीच नक्की कळत नाही. त्यामुळे गाड्यांऐवजी उंची मोजा. भराव पडण्याआधी प्लॉटच्या चार कोपऱ्यांत सिमेंटचे खांब रोवून घ्या, पाण्याची लेव्हल नळी लावून सगळ्यांवर एकाच पातळीची लाल रेघ मारून घ्या, आणि चारही खांबांचे फोटो ठेवा. रेघेपर्यंत माती आली की पैसे.

रेघ किती उंच हवी? रस्त्याच्या मध्यापेक्षा वर तर हवीच, कारण प्रत्येक डांबरीकरणात किंवा काँक्रिटीकरणात रस्ता आणखी वर येतो. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. त्यांना झाडाच्या बुंध्यावर बोट ठेवून सांगता येतं. तेवढं उत्तर मिळवण्यासाठी एक व्हिडिओ कॉल खर्ची घाला. चि आणि मून या नद्यांच्या काठच्या गावांत तर हा प्रश्न सगळ्यात आधी.

भराव २,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, म्हणजे सव्वा राई, तर २००० सालच्या कायद्यानुसार स्थानिक कार्यालयाला आधी कळवावं लागतं. क्षेत्र कमी असलं तरी आपलं पाणी शेजाऱ्याच्या खाचरात जाणार नाही अशी वाट काढून द्यावी लागते. गावात पुढची तीस वर्षं राहायचं आहे, हे विसरू नका.

मग थांबा. निदान एक पावसाळा त्या मातीवरून जाऊ द्या. भराव दबतो, काही ठिकाणी दिसण्याइतका. घराची फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे काँक्रीटचे पाय, भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत जातात म्हणून घर सहसा वाचतं, पण भरावावर थेट टाकलेला गाडीचा ओटा, स्वयंपाकघरामागची फरसबंदी आणि पायऱ्या खचून घरापासून सुटतात. थायलंडच्या गावांतून फिरलात तर नव्या घरांभोवती ही फट पुष्कळ ठिकाणी दिसेल.

कामाचं पंचांग

इसानातला पावसाळा मे ते ऑक्टोबर. भाताची लावणी जून-जुलैत, कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात. गवंडी, सेंट्रिंगवाले, हेल्पर सगळे शेतकरीच असतात. लावणी-कापणीला ते आपल्या शेतावर जाणार आणि त्यांनी जायलाच हवं. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, थाय नववर्ष, आणि त्याच्या आजूबाजूचे दिवसही कामाचे धरू नका.

आम्ही जो क्रम धरला तो इतरांनाही सांगतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भराव, तेव्हा खाचरं कोरडी असतात आणि ट्रक रुतत नाहीत. पावसाळाभर विश्रांती, त्याच काळात नकाशे, परवाना, ठेकेदार. कापणी उरकली की डिसेंबरात पाया. सोंगक्रानच्या आधी छप्पर. छप्पर एकदा चढलं की पुढचा पाऊस आतल्या कामाला आडवा येत नाही.

नकाशे आणि परवाना

परवाना गावच्या तांबोन (काही गावांचा मिळून गट) प्रशासनाकडून, म्हणजे ऑ-बॉ-तॉ कडून, किंवा नगरपालिका असेल तर तेसाबानकडून मिळतो. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम आणि नगररचना विभागाचे घरांचे नकाशे फुकट उपलब्ध असतात, साध्या घरासाठी ते चांगले आहेत. घर १५० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर परवानाधारक वास्तुविशारदाची सही लागते.

तुम्ही लांब आहात म्हणून तुमच्यासाठी स्ट्रक्चरल ड्रॉइंग सगळ्यात महत्त्वाचं. कोणत्या कॉलममध्ये किती सळया, त्यांना आडव्या बांधणाऱ्या रिंगा किती अंतरावर, फुटिंग किती बाय किती, हे त्यात असतं. खेड्यातले अनुभवी मिस्त्री ड्रॉइंगशिवाय घर बांधू शकतात आणि ते घर उभंही राहतं, पण मग फोटोतल्या सळया कशाशी ताडून बघणार? फुटिंगचा प्लॅन, कॉलम-बीमचे छेद आणि छताचा सांगाडा, एवढी पानं छापून भिंतीवर लावा. ड्रॉइंगमधल्या उभ्या-आडव्या रेषांना आकडे आणि अक्षरं दिलेली असतात, त्यामुळे प्रत्येक कॉलमला ए-१, बी-३ असं नाव मिळतं. फोनवर ‘तो डावीकडचा’ म्हणण्याची वेळ येत नाही.

ठेकेदार, करार, पैसे

ठेकेदाराची दोन घरं बघून घ्या: एक चालू असलेलं आणि एक तीन-चार पावसाळे पाहिलेलं. मेव्हणा किंवा मामेसासरे मोटरसायकलवरून जाऊन व्हिडिओ कॉल लावतील. जुन्या घरात भिंत आणि कॉलम जिथे मिळतात तिथली भेग, बाथरूमचा वास आणि छताखालचे डाग बघा. घरमालकिणीशी दोन शब्द बोलून घ्या.

ठेका दोन तऱ्हेचा असतो: नुसत्या मजुरीचा, किंवा मटेरियलसकट. लांबून करायचं असेल तर माझं मत मधल्या वाटेचं आहे. सळई, काँक्रीट, ब्लॉक, छताचं साहित्य आणि वायर आपण घ्यावं, मजुरी आणि वाळू-खडी-खिळ्यांसारखं किरकोळ सामान ठेकेदारावर सोडावं. इसानात मोठी बांधकाम-साहित्याची दुकानं आहेत. ग्लोबल हाउस मूळ रोई एतचंच, डूहोम उबोनचं. भाव ऑनलाइन दिसतात, बिल मिळतं, माल घरपोच येतो, आणि पुण्यात बसून यादी पक्की करता येते.

करार थाय भाषेत, दोन प्रतींत, दोघांच्या ओळखपत्रासह. हप्ते कामाच्या टप्प्यांवर असतात. पहिला हप्ता छोटा ठेवा, साधारण दहा टक्के, आणि शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, हे करारातच लिहा. मधल्या हप्त्यांना ‘पाया पूर्ण’ असं मोघम लिहू नका. ‘फुटिंगची सळई बांधून, मोजून, फोटो पाठवून झाली, काँक्रीट पडलं’ असं लिहा. सगळे पैसे बँकेतून द्या आणि प्रत्येक पावती करारासोबत ठेवा. घराच्या मालकीचा प्रश्न कधी आला तर परवाना कुणाच्या नावावर आणि पैसे कुणी दिले, हेच कागद बोलतात.

भारतातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. विवरणपत्र भरताना तो वळता करून मिळतो, पण तोवर ती रक्कम हाताशी नसते. हप्त्यांचं वेळापत्रक ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागलं तर ओढाताण कमी होते. पैसे कोणत्या कारणासाठी जात आहेत ते बँकेला खरं सांगा आणि तो कागद जपा.

साइटवरचं आपलं माणूस

कॅमेऱ्यापेक्षा माणूस मोठा. सोलरवर चालणारा, सिमकार्डचा कॅमेरा बसवता येतो आणि माल कधी उतरला, कामाला किती जण आले हे त्यातून कळतं. रिंगांमधलं अंतर कळत नाही. कॅमेरा लावायचा असेल तर मिस्त्रीला आधी सांगा, चोरी होऊ नये म्हणून लावतोय हे पटवून द्या.

सासूबाईंनी आयुष्यात कधी ड्रॉइंग पाहिलं नव्हतं. त्यांना आम्ही बांधकाम शिकवायला गेलो नाही, तीन गोष्टी दिल्या: पाच मीटरचा टेप, एक लहान पाटी आणि खडू. कोणताही फोटो काढायचा तो टेप लावून, आणि पाटीवर तारीख व कॉलमचं नाव लिहून. एक फोटो लांबून, एक जवळून. एवढ्यावर घराचा पाया आम्ही पुण्यात वाचू शकलो.

थायलंडमध्ये सगळं ‘लाइन’ या मेसेजिंग ॲपवर चालतं. बायको, सासूबाई, मेव्हणा आणि ठेकेदार यांचा एक ग्रुप करा. चॅटमध्ये टाकलेले फोटो काही काळानं उघडत नाहीत, म्हणून प्रत्येक टप्प्याचा वेगळा अल्बम करून फोटो त्यातच टाकायला सांगा, आणि स्वतःकडे एक प्रत उतरवून घ्या.

थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथे आठ वाजता काम सुरू होतं तेव्हा पुण्यात साडेसहा वाजलेले असतात. दुपारची सुट्टी आपल्या साडेदहाला, काम बंद साडेतीनला. तपासणीचे फोटो त्यांच्या दुपारी चारपर्यंत मागवा. तुम्हाला अडीच वाजता मिळतात, काही चुकलं असेल तर अंधार पडायच्या आत दुरुस्त होतं आणि सकाळचा काँक्रीटचा ट्रक परत पाठवावा लागत नाही.

आता बोलण्याची रीत. ‘सगळं ठीक आहे ना?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर नेहमी ‘हो’ येतं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून येतं, त्यात लबाडी नसते. ‘टेपवर किती दिसतंय?’ असं विचारा. आकड्यानं कुणाचाही मान दुखावत नाही. चूक दिसली तर ती चार माणसांत, स्पीकरवर, आवाज चढवून सांगू नका. मिस्त्रीला छांग म्हणतात, तो गावातला मानाचा माणूस असतो, आणि कामगारांसमोर त्याला कमीपणा आला तर तो भांडणार नाही, दुसऱ्या दिवसापासून येणार नाही. बायकोनं किंवा सासूबाईंनी संध्याकाळी बाजूला घेऊन सांगितलं की रिंगा जरा लांब पडल्यात, उद्या दोन वाढवून द्याल का, की काम होतं. आमच्याकडे दुपारी साइटवर बर्फाचं पाणी, चिकट भात आणि सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) जायचं. तो खर्च बांधकामाचाच आहे असं धरा.

पाया आणि कॉलम: इथे सगळं लक्ष द्या

थाय खेड्यातलं आजचं घर आपल्यासारखंच आरसीसीच्या सांगाड्यावर उभं असतं. खड्डा, फुटिंग, कॉलम, जमिनीलगतचे बीम, त्यावर तयार काँक्रीटच्या फळ्या अंथरून वरून स्लॅब. खड्डे मूळ घट्ट जमिनीपर्यंत गेलेत का, तळाशी पाणी किंवा मऊ चिखल आहे का, हे आधी बघा. जमीन भुसभुशीत असेल, पाइल (जमिनीत खोल जाणारा खांब) लागेल का, हे इंजिनिअरनंच ठरवायचं.

सळईवर थोडा जास्त वेळ देतो. थायलंडमध्ये पूर्ण वजनाची आणि हलकी अशा दोन्ही सळया विकायला असतात. दिसायला सारख्या, भावात फरक. पीळदार सळईवर थाय मानकाची खूण, डीबी १२ सारखं माप आणि एसडी ४० सारखी प्रत उठावात लिहिलेली असते; त्याचा जवळून फोटो मागवा. मग वजन. आपल्या साइटवर प्रत्येक सुपरवायझरला पाठ असतं तेच सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते. तिथे सळई सहसा १० मीटरची, मधे दुमडून येते, म्हणजे एक सळई ८.८८ किलोची. सासूबाईंकडे भाताची पोती तोलायचा काटा होता. त्यांनी मेव्हण्याकडून तीन-चार सळया काट्यावर ठेवून घेतल्या आणि काट्याच्या तबकडीचा फोटो पाठवला. वजन बरोबर निघालं आणि तेव्हापासून दुकानानंही माल काळजीनं पाठवला. किंचित फरक चालतो, पण आठ किलोच्याही खाली भरली तर माल उतरवून घेऊ नका.

काँक्रीट पडण्याआधी हे फोटो हातात असल्याशिवाय हो म्हणू नका:

- खड्ड्याची खोली आणि लांबी-रुंदी, टेपसह
- फुटिंगची जाळी, आणि तिच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे. जाळी मातीला टेकलेली नको
- कॉलमच्या उभ्या सळया मोजता येतील असा वरून फोटो
- रिंगांमधलं अंतर, टेप उभा धरून
- कॉलम-बीमच्या जोडाजवळ सळई किती लांब घेतली आहे ते
- साचा ओळंब्यात आहे की नाही

काँक्रीटची ताकद तिथे किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये सांगतात. २४० हा आकडा क्यूबचा, म्हणजे चाचणीच्या घनाकृती नमुन्याचा, असेल तर ते आपल्या एम २० प्रतीच्या काँक्रीटच्या थोडं वर येतं. सिलिंडरचा असेल तर तेच २४० आणखी मजबूत असतं, म्हणून ड्रॉइंगमध्ये कोणता आकडा धरलाय ते विचारा. रेडीमिक्सच्या ट्रकबरोबर चलन येतं, त्याचा फोटो घ्या. ओतताना व्हिडिओ कॉल चालू ठेवा आणि एकच गोष्ट बघा: काँक्रीट सैल करायला ट्रकमध्ये पाणी घालत नाहीत ना. त्यानंतर निदान सात दिवस पाणी मारायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ, भाजीच्या वाफ्याला पाणी देऊन झालं की कॉलमला.

पहिला खांब उभा करणं हा तिथला मोठा विधी आहे. त्या खांबाला साओ एक म्हणतात. मुहूर्त भिक्खू किंवा गावातले जाणते काढून देतात, तो सकाळचा असतो. खांबाला रंगीत कापडं, केळीचं रोप आणि ऊस बांधतात, नातेवाईक सगळे मिळून हात लावतात. व्हिडिओ कॉलवरून का होईना, या वेळी हजर राहा, रजा काढून राहा. फक्त व्यवहाराची एक बाजू आहे: मुहूर्त टळू नये म्हणून त्या एका फुटिंगचं काम घाईत होतं. त्याचे फोटो आदल्या दुपारीच मागवून बघून घ्या, म्हणजे सकाळी मन पूर्णपणे समारंभात राहील.

स्लॅबच्या आधी आणखी एक गोष्ट. इसानात वाळवी भयंकर. स्लॅबखाली बीमलगत औषधाचे पाइप टाकून ठेवता येतात, म्हणजे पुढे बाहेरून औषध भरता येतं. नंतर हे करायचं तर फरशीला भोकं पाडावी लागतात.

भिंती आणि त्यांच्या आतलं

भिंतीसाठी लाल वीट, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, किंवा आपण ज्याला सिपोरेक्स म्हणतो ते हलके ब्लॉक मिळतात. पश्चिमेच्या भिंतीला हलके ब्लॉक घ्या, जमलं तर दुहेरी. एप्रिलच्या संध्याकाळी फरक अंगाला कळतो. भिंत आणि कॉलमचा सांधा सळईच्या तुकड्यांनी बांधला आहे का ते बघा. दारं-खिडक्यांभोवती काँक्रीटची पट्टी हवी, ती नसेल तर कोपऱ्यातून तिरकी भेग जाते.

थायलंडमध्ये पाण्याचा पीव्हीसी पाइप निळा आणि वायरिंगचा पिवळा असतो, त्यामुळे फोटो वाचणं सोपं. पाण्यासाठी जाड प्रत म्हणजे क्लास १३.५, ती पाइपवर छापलेली असते. टाइल्स लावण्याआधी पाइपात पाणी भरून दाब धरून ठेवायला सांगा. बाथरूमच्या जाळीखाली पाणी अडवणारा ट्रॅप आहे का, संडासच्या टाकीला हवेचा पाइप आहे का, हे विचारायलाच हवं; नवीन घरात वास येतो तो बहुतेक याच दोन कारणांनी. शोषखड्ड्याच्या काँक्रीटच्या रिंगा पावसाळ्यात भूजल वर आलं की भरून जातात, म्हणून सखल जागेत बंद टाकी चांगली.

अर्थिंगबद्दल मी हट्टी आहे. आंघोळीचं पाणी तापवणारं छोटं यंत्र तिथे घरोघरी भिंतीवर असतं आणि त्याला अर्थ नसेल तर तो जिवाशी खेळ आहे. २.४ मीटर लांबीचा तांब्याचा रॉड ठोकण्याआधी जमिनीवर आडवा ठेवून टेपसह फोटो, ठोकतानाचा फोटो, आणि वायर जोडल्याचा फोटो. तिन्ही आल्याशिवाय विजेचा हप्ता सोडू नका. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा समोरून एक फोटो घेऊन खोलीच्या नावानं ठेवा. पुढे पंखा, कपाट, टीव्ही लावताना भोक कुठे पाडायचं ते हेच फोटो सांगतात.

छप्पर

छताचा सांगाडा लोखंडी. वेल्डिंग झाल्यावर सांध्यांवर गंजरोधक रंग पुन्हा लावला आहे का, याचे फोटो कौलं किंवा पत्रा चढण्याआधी हवेत. पत्रा स्वस्त आणि हलका, पण पावसात आत बोलणं ऐकू येत नाही आणि उन्हात तापतो. घ्याल तर खाली फोम चिकटवलेला घ्या. छज्जा निदान एक मीटर बाहेर काढा. पन्हळीचं पाणी मोठ्या रांजणांत सोडायची इसानातली जुनी पद्धत सोडू नका. या पठाराच्या पोटात मीठ आहे आणि काही गावांत बोअरचं पाणी खारं लागतं.

घर क्रमांक, मीटर, गृहप्रवेश

काम पूर्ण झालं की १५ दिवसांत कळवून घर क्रमांक घ्यायचा असतो. त्यावर घराची निळी नोंदवही मिळते. ही वही राहणाऱ्यांची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. परदेशी माणसासाठी पिवळी वही असते, ती नंतर सवडीनं काढता येते. बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं वीजजोड महाग पडतं, म्हणून घर क्रमांक हाती आला की प्रांतीय वीज कार्यालयात कायम मीटरचा अर्ज लगेच करा. एसी आणि गरम पाण्याची यंत्रं असतील तर १५ अँपिअरचं मीटर घ्या.

गृहप्रवेश शनिवारी करत नाहीत, तो दिवस तिथे वर्ज्य मानतात. विमानाची तिकिटं काढण्याआधी तारीख सासूबाईंकडून पक्की करा. नऊ भिक्खूंना बोलावतात, घराभोवती पांढरा दोरा फिरवतात, आणि त्यांचं जेवण दुपारी बाराच्या आत उरकायचं असतं. गाव जेवायला येतं, त्याचा खर्च बजेटमध्ये आधीपासून धरा.

तुम्ही त्या घरात मुक्कामाला गेलात की २४ तासांच्या आत घरमालकानं इमिग्रेशनला टीएम ३० ची नोंद द्यायची असते. आमच्याकडे हे मेव्हणा फोनवरूनच करतो.

राखून ठेवलेले पाच टक्के मात्र गृहप्रवेशाच्या आनंदात देऊन टाकू नका. जून ते सप्टेंबरच्या जोरदार पावसात खिडक्यांच्या चौकटी, छताची वळणं, पायऱ्या आणि घराभोवतीची फरसबंदी यांचे फोटो मागवा, राहिलेली कामं करून घ्या आणि ऑक्टोबरात ठेकेदाराचा हिशोब पुरा करा.